दोनशे चौदा कोटींची शीव

पतसंस्थांना हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बरीच वर्षे नोकरी केली. कंपनी पुण्यात, पण खरे काम तालुक्याच्या गावांत. कॅशियरच्या जाळीमागे टेबल टाकून बसायचे, पिग्मी एजंटांच्या मशिनी जोडून द्यायच्या आणि मार्च अखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबायचे. शिक्षण मात्र गणिताचे. नातेवाईक विचारत, “एम.एस्सी. करून शेवटी बेरजाच तपासतेस ना?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नसे. पुढे एका संख्येने ते दिले.

ती संख्या २१४७४८३६४७. आपल्या पद्धतीने वाचायची तर दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याला ती कधी ना कधी आडवी येतेच. मला ती पहिल्यांदा भेटली मोबाइल नंबर म्हणून.

एका संस्थेला ठेवीची मुदत संपत आलेल्या सभासदांना एसएमएस पाठवायचे होते. जुन्या प्रणालीतली यादी काढली. नावे वेगळी, गावे वेगळी, खाते क्रमांक वेगळे. मोबाइल मात्र सगळ्यांचा एकच, २१४७४८३६४७. तिथल्या हेड क्लार्कना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “मॅडम, हा एवढा मोठा माणूस कोण? अख्ख्या गावानं त्याचाच नंबर दिलाय!”

त्या डेटाबेसमध्ये मोबाइलचा रकाना पूर्णांकाचा, ‘इंट’ प्रकारचा होता आणि त्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे झाडून सगळे हिच्याहून मोठे. त्यात डेटाबेसची शिस्त सैल ठेवलेली. न मावणारी संख्या आली की तो तक्रार करत नसे, मावेल तेवढी मोठी संख्या लिहून मोकळा होई. खरे नंबर कुठे साठलेच नव्हते. ते अर्जांच्या फायली उघडून पुन्हा भरावे लागले. अमेरिकेत २१४ हा डॅलस शहराचा विभाग क्रमांक असल्याने तिथे हा आकडा खऱ्या फोन नंबरसारखा खपून जातो. आपल्याकडे निदान पहिला २ पाहून शंका तरी येते. ज्याची कधी बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा नव्हे, मजकूर समजावा, हा नियम मी तेव्हापासून नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगत आले.

हीच संख्या का? पूर्णांक साठवायला संगणक बहुधा ३२ बिट राखतो. त्यातला एक अधिक-उणे ठरवण्यात जातो, उरतात ३१. त्यांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जातात आणि शेवटच्या बिटाची किंमत १०७३७४१८२४ भरते. सगळ्यांची बेरीज केली की २ च्या ३१ व्या घातापेक्षा एकाने कमी, म्हणजे नेमके २१४७४८३६४७. तिच्यात आणखी एक मिळवला तर? स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर शून्ये येतात. इथे शून्यही येत नाही. आकडा थेट उण्याच्या तळाशी, −२१४७४८३६४८ वर जातो. उण्याची बाजू अधिकच्या बाजूपेक्षा एकाने लांब आहे. त्यामुळे त्या तळाच्या संख्येचे चिन्ह बदलायला सांगितले तर यंत्र पुन्हा तीच उणे संख्या परत देते. शाळेत शिकलेले पूर्णांक असे वागत नाहीत. यंत्रातले वागतात.

दुसरी गाठ आण्णांच्याच संस्थेत पडली. आमचे सॉफ्टवेअर अजून पुरते सुरू व्हायचे होते आणि सन अखेरची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा ताळा, जुन्या प्रोग्रॅमवर निघत होती. प्रोग्रॅम सी भाषेतला, लिहिणारा कधीचाच दुसरीकडे गेलेला. आण्णांनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. जमा बाजूची बेरीज −२,१४,४७,३६२.४६ आणि नावे बाजूची बेरीजही −२,१४,४७,३६२.४६.

“तेरीज पैशाला पैसा जुळलीय मॅडम,” ते म्हणाले. “फक्त उणे आहे.”

त्यांचा यंत्रावर विश्वास बेताचा. म्हणून त्यांनी आधीच कॅल्क्युलेटरवर टोटल मारून पेन्सिलीने समासात लिहून ठेवली होती: २,१५,०२,३१०.५०. मी चिन्ह बाजूला ठेवून दोन्ही आकडे मिळवले. बेरीज आली ४,२९,४९,६७२.९६. तिचे पैसे केले की ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात. निदान तिथेच झाले. जुना प्रोग्रॅम सगळ्या रकमा पैशांत मोजत होता. २१४७४८३६४७ पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. संस्थेच्या तेरजेची बेरीज त्या वर्षी पहिल्यांदा या रकमेच्या वर गेली होती.

“म्हणजे संस्था वाढली म्हणून हिशेब बिघडला?” आण्णांनी विचारले. मी हो म्हटले. त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याला मूर्ख ठरवणे सोपे होते, पण तसे नव्हते. रकमा पैशांत ठेवणे हा शहाणपणाचाच निर्णय. रुपये अपूर्णांकात साठवले तर द्विमान पद्धतीत दहा पैसे अचूक लिहिताच येत नाहीत. हजारो नोंदींनंतर कुठेतरी पैसा-दोन पैसे सरकतात आणि माणसे रात्रभर फरक शोधत बसतात. त्याने ते टाळले होते. संस्था किती मोठी होईल, एवढाच विचार राहून गेला होता. उपाय म्हणून बेरजेसाठी ६४ बिटांचा पूर्णांक वापरला. त्यात रुपयांत सतरा आकडी रक्कमसुद्धा मावते. पतसंस्थेला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल.

मला झोप येऊ दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. तेरीज जुळली होती! जमा आणि नावे जुळणे ही दुहेरी नोंद पद्धतीची शेकडो वर्षांची राखण. एका बाजूला चूक झाली तर दुसरी बाजू ओरडते. इथे मात्र दोन्ही बाजूंतून २ चा ३२ वा घात सारखाच वजा झाला होता. समान राशींतून समान राशी वजा केली तर बाकी समानच राहणार. राखणदार जागेवर होता, पण या चोराला तो पकडूच शकत नव्हता. उणे चिन्ह दिसले म्हणून आण्णा थबकले, हे संस्थेचे नशीब. तेरीज साडेचार कोटींची असती तर कागदावर २०,५०,३२७.०४ असा सरळ, अधिक चिन्हाचा आणि दोन्हीकडे जुळणारा आकडा छापून आला असता. अशा आकड्याकडे घाईत कोण दुसऱ्यांदा पाहतो?

त्यानंतर मी या संख्येकडे गणितवालीच्या नजरेने पाहिले. २ च्या घातातून एक वजा केला की मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव आहे. यांतल्या कोणत्या मूळ संख्या आहेत याची यादी त्याने १६४४ मध्ये दिली. यादीत चुका होत्या, पण ३१ व्या घाताचा अंदाज बरोबर निघाला. तो सिद्ध केला गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने. बर्नुली यांना लिहिलेल्या आणि १७७२ मध्ये छापलेल्या पत्रात त्याने २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असल्याचे कळवले. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

एखादी संख्या मूळ आहे हे दाखवायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे. इथे वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तिथवर मूळ संख्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. ऑयलरने आधी विचार केला, मग भागाकार. या संख्येला मूळ विभाजक असलाच तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरू शकते. अशा संख्या त्या मर्यादेत पावणेचारशेच्या आतबाहेर, आणि त्यांतल्या मूळ संख्या ऐंशीच्या आसपास. साडेचार हजारांचे काम ऐंशीवर आले.

हे वाचून मी कागद-पेन घेऊन बसले. यादी सुरू होते ६३, २४९, ३११ अशी. ६३ आणि २४९ ना ३ ने भाग जातो, म्हणून त्या बाद. ३११ मूळ. २१४७४८३६४७ ला ३११ ने भागले, भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. मग ४९७, ५५९, ७४५ अशा एकेक संख्या गळत जातात आणि पुढची मूळ संख्या थेट १३०३ वर सापडते. तिने भागले, बाकी २२६. तीन-चार ओळींचा एक भागाकार, एक अंक चुकला तर सगळे पाण्यात. मला ज्यांचा थोड्याच वेळात कंटाळा आला, ते भागाकार दृष्टी गेलेल्या माणसाने शेवटपर्यंत नेले. आमच्या धंद्यात ‘ब्रूट फोर्स’ म्हणजे डोके न लावता यंत्राला राबवणे फार चालते. तेव्हापासून कोणी तसा प्रोग्रॅम आणून दाखवला की मी त्याला ऑयलरचे २४८ सांगते.

पुढे ल्युका आणि लेमर या गणितज्ञांनी याहून सोपी कसोटी दिली. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि उत्तर मोठे झाले की २१४७४८३६४७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ असे आकडे येतात. ही क्रिया २९ वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. मी प्रोग्रॅम लिहिला, शून्य आले. यातली गंमत अशी की मधले वर्ग ३२ बिटांत मावत नाहीत, ते ६४ बिटांत करावे लागतात. ही संख्या मूळ आहे हे तपासायला तिने आखलेली शीव ओलांडावीच लागते.

या शिवेवर मूळ संख्या यावी असे संगणक घडवणाऱ्यांनी ठरवले नव्हते. ८ बिटांची शीव १२७, ती मूळ आहे. १६ बिटांची ३२७६७ ही ७, ३१ आणि १५१ यांचा गुणाकार. ६४ बिटांच्या शिवेलाही ७ ने भाग जातो, कारण तिचा घात ६३ आणि ६३ ला ३ ने भाग जातो. घात विभाज्य असला की संख्याही विभाज्यच. घात मूळ असून भागत नाही: ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि तो २३ गुणिले ८९. म्हणजे ३१ बिटांच्या जागी मूळ संख्या सापडणे हा निव्वळ योग, पण भलताच कामाचा.

तो कामाचा ठरेल असे १८११ मध्ये कोणाला वाटले नव्हते. या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला सोडून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने त्या वर्षी लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही. हे सारे नुसते कुतूहलाचे, उपयोगाचे नाही, मग शोधण्याचे कष्ट कोण घेईल? १८७६ मध्ये ल्युकाने १२७ व्या घाताची संख्या मूळ असल्याचे दाखवून त्याला खोटे पाडले. २०२४ मध्ये सापडलेली अशी मूळ संख्या लिहायला चार कोटी दहा लाखांवर अंक लागतात.

आणि उपयोग? तो मला लेखापरीक्षणात भेटला. लेखापरीक्षकाला हजारो व्हाउचरांतली काही तपासायची असतात. ती कर्मचाऱ्यांनी निवडली तर नेमकी स्वच्छच पुढे येतात. म्हणून निवड यादृच्छिक हवी, आणि तीच निवड नंतर पुन्हा करूनही दाखवता यायला हवी. त्यासाठी मी लेमरच्याच कल्पनेवर उभी राहिलेली जुनी पद्धत वापरली. हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणायचे, २१४७४८३६४७ ने भागायचे आणि बाकी घ्यायची. १ पासून निघाले की १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात. पुढचा कोणता येईल हे पाहून सांगता येत नाही. भाजक मूळ असल्याने बाकी कधी शून्य होत नाही. शिवाय १६८०७, म्हणजे ७ चा ५ वा घात, अशा बेताने निवडलेला आहे की १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा आल्यावाचून एकही पुन्हा येत नाही. भाजक विभाज्य असता तर हे साधले नसते. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही पद्धत किमान दर्जा म्हणून सुचवली आणि ताळाही दिला: १ पासून दहा हजार पावले गेल्यावर १०४३६१८०६५ यायला हवा. मी तो ताळा पाहूनच प्रोग्रॅम संस्थेच्या हवाली केला. आज गुप्ततेच्या कामाला ही पद्धत मुळीच चालणार नाही, पण व्हाउचर निवडायला ती पुरेशी आहे.

ज्या संख्येने तेरीज उणे केली तिच्याच मूळपणावर तपासणीची निवड उभी आहे. शीव माणसाने आखली, ३२ बिट ठरवून. मूळपणा कोणी दिला नाही, तो होताच. हिशेबाच्या माणसाला दोन्ही ठाऊक हवे.

ही शीव ओलांडण्याचे प्रसंग मोठ्यांनाही आले. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ती गाठली आणि यूट्यूबने आपला मोजणी-रकाना ६४ बिटांचा केल्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ बद्दल सूचना काढली. विमानाचे जनरेटर नियंत्रक २४८ दिवस अखंड चालू राहिले तर त्यांच्यातला मोजक भरून वीजपुरवठा तुटू शकतो, म्हणून त्याआधी ते बंद करून सुरू करावेत. सेकंदाचा शंभरावा भाग एकेक करून मोजला तर २१४७४८३६४७ भरायला २४८ दिवस आणि थोडे तासच लागतात.

सर्वांत मोठा प्रसंग पुढे आहे. युनिक्स घराण्याची यंत्रे १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आली आहेत. जुन्या प्रणालींत हा आकडा ३२ बिटांत आहे. तो २१४७४८३६४७ होईल मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राला ग्रीनिच वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ दिसेल. नवी यंत्रे ६४ बिटांवर गेली आहेत, पण जुने प्रोग्रॅम, जुने रकाने आणि जुन्या फायली गावोगावी चालू आहेत.

आणि २०३८ लांब आहे असे समजू नका. हिशेबाला भविष्यातली तारीख आजच लागते. जानेवारी २०१८ नंतर दिलेल्या प्रत्येक वीस वर्षांच्या घरकर्जाची शेवटची तारीख ही शीव ओलांडते. पंधरा वर्षांच्या मुदतीची पाळी २०२३ मध्येच सुरू झाली. म्हणून पतसंस्थेत, बँकेत किंवा सोसायटीत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. चाचणीच्या प्रतीवर एक खोटी मुदत ठेव घाला, मुदत संपण्याची तारीख २० जानेवारी २०३८ द्या, पावती छापा आणि व्याजाचे कोष्टकही काढून बघा. पावतीवर १९०१ साल आले, तारीख कोरी राहिली किंवा व्याज उणे निघाले, तर ज्यांनी सॉफ्टवेअर दिले त्यांना त्याच दिवशी लेखी कळवा.